बायको नव्हे

उत्तरेकडच्या त्या परदेशी शहरात कार्तिकातले ऊन ताकासारखे पातळ पडते. पिवळी झाडे, करडे आकाश, आणि त्या करडेपणात न्यायाधिकरणाची उंच, शुभ्र, काचमयी वास्तू. वारा पाने उचलत होता, टाकत होता, पुन्हा उचलत होता. त्याचे कुठेच चित्त लागत नव्हते.

शर्वाणी टिपणीसचेही लागत नव्हते. दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत ती बसली होती. कानांवर हेडफोन, ओठांपाशी माइक, आणि मांडीवर बोटांची अखंड चाळवाचाळव.

तिचे बालपण दार-ए-सलामला गेले. वडील बंदरावर नोकरीला. घरात मराठी, अंगणापलीकडे स्वाहिली. तीच स्वाहिली आता तिची भाकरी होती. युद्धातल्या गुन्ह्यांच्या या न्यायालयात साक्षीदाराचे बोलणे तिने इंग्रजीत सांगायचे. आणि ‘ती म्हणते’ असे म्हणायचे नाही. ‘मी’ म्हणायचे. परक्या देहाचा दाह आपल्या जिभेवर घ्यायचा, आणि स्वर मात्र निष्कंप ठेवायचा.

आज तो दाह फुराहाचा होता. सरोवरांच्या देशातली, चोविशीतली, श्यामलकांती, ताठ मानेची फुराहा. पंधराव्या वर्षी एका बंडखोर टोळीच्या म्होरक्याने तिला गावातून उचलून नेले, तीन वर्षे रानातल्या तळावर डांबले. तो म्होरक्या आता आरोपीच्या बाकावर होता. निळा सूट, गुळगुळीत दाढी. जणू लग्नाला आलेला पाहुणा.

त्याचा वकील उठला. हातात जुना जबाब.

“सहा वर्षांपूर्वी तुम्हीच सांगितलंत, ‘मी त्याची बायको म्हणून राहिले.’ मग नवऱ्याबरोबर राहणं हा गुन्हा कसा?”

शर्वाणीच्या बोटांची चाळवाचाळव थांबली.

ते वाक्य तिचे होते.

सहा वर्षांपूर्वी तो जबाब घेतला ती फुराहाकडची शाळेची खोली तिला दिसली. तापलेले पत्रे, भिंतीवर खडूने काढलेला हत्ती, आणि रानातून नुकती सुटून आलेली अठरा वर्षांची मुलगी, जमिनीकडे बघत बोलणारी. “त्यानं मला कोंडून ठेवलं. हवं तेव्हा वापरलं.” एवढेच, एवढेच उघडे, एवढेच नागडे. शर्वाणी ज्या घरात वाढली तिथे असल्या गोष्टींवर शब्दांचा पदर ओढायची रीत होती. तिने पदर ओढला. मुलीची लाज राखावी म्हणून, खरे तर स्वतःची. कागदावर उमटले: ‘बायको म्हणून राहिले.’

एक सभ्य शब्द. एक सोज्वळ शब्द. आज तोच शब्द म्होरक्याची ढाल झाला होता.

फुराहा सावकाश म्हणाली, “मी तो शब्द बोलले नाही.”

आणि शर्वाणीला ते उच्चारावे लागले. “मी तो शब्द बोलले नाही,” न्यायालयाने तिच्या आवाजात ऐकले. त्या विशाल सभागृहात हे वाक्य जिच्या तोंडी असत्य ठरावे अशी एकच बाई होती, आणि तेच वाक्य तिच्या तोंडी होते.

“मग कागद खोटा, की तुम्ही?” वकिलाने विचारले.

काचेपलीकडे फुराहाची मान तशीच ताठ.

शर्वाणी गप्प बसली असती तर चालून गेले असते. नोकरी, नाव, वीस वर्षांची अचूकतेची कीर्ती, सारे शाबूत राहिले असते. शर्वाणीने माइकचे बटण दाबले.

“न्यायासनाची क्षमा मागून… दुभाषी सांगू इच्छिते…” आयुष्यभर दुसऱ्यांचा ‘मी’ वाहिलेल्या तिला स्वतःचा सापडेना. “तो शब्द साक्षीदाराचा नाही. माझा आहे. भाषांतर मी केलं होतं. मी चुकले.”

वकील बोलू लागला, मुख्य न्यायाधीश बाईंनी हात वर केला आणि फुराहाकडे वळून विचारले, “मग तुम्ही त्याच्या कोण होता?”

“बायको करायची तर माणूस बापाच्या दारी येतो, मागणी घालतो,” फुराहा म्हणाली. “हाही आला होता. माझा बाप दारातच मरून पडला. मी त्याची कोणी नव्हते.”

शर्वाणीने ते जसेच्या तसे सांगितले. पदर न ओढता.

दुसऱ्या दिवशी जबाबाची ध्वनिफीत ऐकली गेली. शब्द दुरुस्त झाला. शर्वाणीला खटल्यावरून काढले, मग कामावरूनही. हिवाळाभर ती कालव्याकाठी चालत राहिली, वेगाने, निरुद्देश. चुकीची ती ओळ तिच्या पावलांशी पाऊल जुळवून चालत राहिली.

वैशाखात निकाल लागला. प्रेक्षकांच्या सज्जात ती शेवटच्या रांगेत बसली होती. बळजबरीचा विवाह हा विवाह नव्हे, मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे. आरोपी दोषी आहे. हेडफोनमधला परका आवाज कलमे वाचत राहिला.

खाली सभागृहातल्या पडद्यावर निकाल ऐकायला जमलेल्या दूरच्या सरोवरकाठच्या गावाचे दृश्य होते, मूक. रंगीबेरंगी कपड्यांतल्या स्त्रिया, मध्यभागी फुराहा. ती हसली नाही, रडली नाही. तिने मान मागे टाकली, तोंड उघडले, जीभ थरथरू लागली. मग शेजारणीची, मग तिच्या शेजारणीची, मग साऱ्यांची. आनंदाच्या वेळी तिकडच्या बायका जीभ नाचवत घालतात ती किलकारी शर्वाणीने दार-ए-सलामला लहानपणी ऐकली होती.

शर्वाणीने हेडफोन काढून ठेवला. सज्जाच्या काचेअलीकडे एकही स्वर पोचत नव्हता. नुसते उघडे कंठ, नुसत्या लवलवत्या जिभा, ज्वाळांसारख्या, ज्वाळांसारख्या, आणि त्यांच्यामागे लखलखते, अस्वस्थ, अथांग पाणी.