मागल्या दारावर कोंडीबा

तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा आत वाफ असेपर्यंत वर राहतो. वाफ निसटली की तो सावकाश खाली बसतो, आधी मधोमध, मग कडांना. कस्तुरीने ताटात वाढलेल्या भाकरीचा पापुद्रा अजून बसला नव्हता, तेव्हा पुढच्या दारातून बजरंग आणि तुका लोखंडी पाइप घेऊन आत आले.

तिचा नवरा महावीर चौगुले पाटावर बसला होता. कुपवाडला त्याचं लेथचं वर्कशॉप होतं. दिवस मावळल्यावर या जैन घरात कुणी घास घेत नसे, म्हणून कितीही काम असलं तरी तो उन्हं असताना घरी येई. कोंडीबा एकदा त्या पंगतीला जेवला होता. ती वेळ त्यानेच कर्नलसाहेबांना सांगितली होती.

कर्नल शेडगे निवृत्त होऊन साताऱ्याला आले, माजी सैनिकांच्या ठेवींवर त्यांनी पतसंस्था काढली, आणि आता ते जिल्हा परिषदेला उभे राहत होते. महावीर त्याच संस्थेचा सांगलीकडचा संचालक. साहेबांच्या प्रचाराच्या गाड्या ठेवीदारांच्या पैशावर पळतात, हे तो वार्षिक सभेत बोलणार होता, आणि तसं त्याने सांगूनही टाकलं होतं.

"त्याला समजावून या," कर्नल म्हणाले होते. मग टेबलावर बोट फिरवून त्यांनी घर आखलं. दोघं पुढे, एक मागे. पलटणीत वेढा घालतात तसं.

कोंडीबा पलटणीत त्यांचा ड्रायव्हर होता आणि घरीही तोच होता. तो मागल्या दारात उभा राहिला.

पहिला पाइप महावीरच्या कोपरावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो उठला, ताट उलटलं, आणि मोडलेला हात पोटाशी धरून तो मागे धावला. कोंडीबाला पाहून त्याचा चेहरा मोकळा झाला.

"कोंडीबा, बरं झालं तुमी आलाय. सरका."

कोंडीबा सरकला नाही. महावीरने त्याच्या छातीला खांदा लावला, पण चौकटीत जागा नव्हती. मागून बजरंगने डोक्यात पाइप घातला. महावीर गुडघ्यांवर आला. कस्तुरीने चुलीवरचा तवा उघड्या हाताने उचलून तुकाच्या तोंडावर हाणला. तुका किंचाळला, आणि त्याने तिला भिंतीवर आपटलं. बजरंगने आणखी दोनदा मारलं. दुसऱ्यांदा आवाज वेगळा आला, मऊ.

"तुमी माझ्या हातचं जेवलाय," कस्तुरी कोंडीबाकडे बघत म्हणाली. तिच्या तळव्याची कातडी तव्याला चिकटून आली होती.

महावीरने पहाटे सांगलीच्या दवाखान्यात जीव सोडला.

सकाळी साताऱ्यात बंगल्यासमोर हलगी वाजत होती. अर्ज भरायची मिरवणूक निघायची होती. आतल्या खोलीत कर्नल आरशासमोर फेटा बांधून घेत होते. कोंडीबा आत आला, तसं बांधणाऱ्याला त्यांनी बाहेर घालवलं.

"समजावून या म्हणालो होतो."

"व्हय, साहेब."

"असो. आता तू ठाण्यात जा. तुझं त्याच्याशी वैयक्तिक भांडण होतं, तू एकटाच गेला होतास. वकील माझा, बाईची साक्ष तो खोडेल. घर मी बघतो."

शिरवळला साहेबांच्या सांगण्यावरून एका दुकानदाराचा गुडघा फोडला होता, तेव्हाच कोंडीबाने हे काम सोडायचं ठरवलं होतं. घरी बायकोला, मनुबाईला, तो रोज सांगे, "उद्या साहेबास्नी बोलतो." ती म्हणे, "तुमचं उद्या लय लांब हाय." साहेब समोर आले की त्याच्या टाचा आपोआप जुळत. आताही त्या जुळल्या होत्या.

"ऐकलंस ना? बोल."

कर्नलांनी काठीची मूठ त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटला, एक दात जिभेवर आला. त्यांनी पुन्हा मारलं, या वेळी कानावर. हलगी त्याला एकाच कानाने ऐकू येऊ लागली.

"वीस वर्षं माझं मीठ खाल्लंस. हुकूम आहे हा."

कोंडीबाने दात गालिच्यावर थुंकला. पाय फाकवून नीट उभा राहिला.

"न्हाई, साहेब. ठाण्यात जातो, पर खरं सांगाय. तुमी पाठवलं, बजरंगानं मारलं, आनि दार म्या अडवलं."