एक नंबरचा पर्याय

काष्टीच्या बाजारतळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर गनीभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं आणि मागं घर. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसायची आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे भरायचे, हे काम ते तीस वर्षं करत आले होते. विजेचा दाब कमी झाला की मोटारी जळत. शेतकरी तेव्हा विजेला शिव्या घालत. गनीभाई मात्र विजेविषयी कधी वाकडा शब्द बोलले नाहीत.

मग शिवारात सोलरचे पंप आले. दुकानात येणाऱ्या मोटारी कमी झाल्या आणि गनीभाई दुपारचे खुर्चीत पेंगू लागले. नेमकं अशा वेळी त्यांची मुलगी मुबश्शिरा दहावीला ब्याऐंशी टक्के मिळवून आली आणि म्हणाली, "अब्बा, मला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. पुढं सोलरमध्ये जायचंय."

"कॉम्प्युटर कर," गनीभाई म्हणाले. "सावलीत बसून करायचं काम हाय."

"तुमी पन हल्ली सावलीत बसूनच असता की," आतून मुबश्शिराची आई मुबारकबी म्हणाल्या.

खरं कारण गनीभाईंनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ज्या सोलरनं आपलं दुकान बुडवलं त्याच्याच घरी मुलगी द्यावी, तसं त्यांना वाटत होतं.

प्रवेशाच्या अर्जात पर्याय क्रमानं लावायचे असतात. एक नंबरचा पर्याय मिळाला की तोच घ्यावा लागतो, मागं फिरता येत नाही. गनीभाईंनी शेजारी बसून मोबाईलवर कॉम्प्युटर एक नंबरला लावून घेतलं, इलेक्ट्रिकल दोनला. मुबश्शिरानं मुकाट्यानं लावलं, पण अर्ज पक्का करायचं बटण काही दाबलं नाही. तिची भीती एवढीच होती, की ब्याऐंशी टक्क्यांना कॉम्प्युटर नक्की मिळणार. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला वस्तीवरचा गोरक्षनाथ टेम्पोतून मोटार घेऊन आला. सोलर पंपाची मोटार. चार दिवसांपूर्वी ती गनीभाईंनीच भरून दिली होती. दुकानात आलेली पहिली सोलरची मोटार म्हणून त्यांनी तेव्हा गोरक्षनाथला चहासुद्धा पाजला होता.

"गनीभाई, मोटार फिरती, पन पानी वर येत न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. "पायपात नुसतं गुळगुळ वाजतंय."

"ढग आलं आसतील."

"चार दिस आभाळात चिंधीएवढा ढग न्हाई."

"मग पॅनलवर धूळ बसली आसंल."

"सकाळीच धुतलंय. माझ्या अंगाला न्हाई इतकं पानी त्याला घातलंय."

गनीभाईंनी बोअरला दोष दिला, पायपाला दिला, व्हॉल्व्हला दिला. मुबश्शिरा मोटारीपाशी उकिडवी बसली होती. तिनं ओढणीच्या टोकानं मोटारीवरची पाटी पुसली.

"अब्बा, वेढे किती भरले?"

"तीन हॉर्सपॉवरला वहीत जेवढं हायत तेवढं."

"जुने मोजले होते?"

गनीभाई पक्कड शोधू लागले. पक्कड त्यांच्या हातातच होती. जुनी तार काढताना वेढे मोजायचे, हा त्यांचा पहिला नियम. पण त्या दिवशी सोलरची मोटार आली या आनंदात त्यांनी तार छिन्नीनं कापून सरळ भंगारात टाकली होती. तीन हॉर्सपॉवरचा आकडा तर झोपेतसुद्धा सांगता येत होता.

"पाटीवर दोनशे वीस व्होल्ट लिहिलंय," मुबश्शिरा म्हणाली. "वहीतला आकडा चारशे पंधराचा आहे ना?"

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. दाब निम्मा, तर वेढे निम्मे आणि तार जाड. त्यांनी मात्र दुप्पट वेढे भरले होते, म्हणून मोटारीला जोर नव्हता. गनीभाईंनी हिशोब मनातच केला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"चूक माझी हाय, गोरख. उद्या दुपारी मोटार घेऊन जा."

"पाटी वाचायला मानूस ठेवा की एक," गोरक्षनाथ म्हणाला. "पोरीला कशात घालताय?"

"कॉम्प्युटरला."

"मंग माजी मोटार बी तिकडंच धाडा. आमच्या वस्तीवर अशा सात हायत. जळल्यावर समद्याच धाडू."

गनीभाईंनी मान वर केली. "सात? त्याबी जळतील व्हय?"

"न जळाया काय झालं? मोटारच हाय की."

गोरक्षनाथ गेल्यावर गनीभाईंनी पाटी वाचायला घेतली. तिच्यावर बारीक अक्षरात आणखीही काही लिहिलेलं होतं आणि त्यातलं निम्मं त्यांना कळत नव्हतं.

"एक नंबरला काय लावलंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलं ते."

"काढ. तुजं लाव."

मुबश्शिरानं दोन्ही पर्यायांची अदलाबदल केली आणि मोबाईल त्यांच्यापुढं धरला. गनीभाईंच्या बोटांना वॉर्निश लागलं होतं, त्यामुळं बटण दाबलं जाईना. शेवटी त्यांनी करंगळीनं दाबलं. अर्ज पक्का झाला.

"आता ह्यात काही बदलता येत न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आन समज, इलेक्ट्रिकल मिळालंच न्हाई तर?"

"दोन नंबरला कॉम्प्युटर आहेच की."

गनीभाईंनी मोबाईल जवळ ओढला. "त्यो कशाला ठेवला?" ते म्हणाले.