दसऱ्याच्या दिवशी खचलेला दगड

मी एक जुना दाबमापक आहे. काचेची चकती, पितळी काटा आणि संशयी स्वभाव, एवढीच माझी मिळकत. मित्रांनो, मी दाखवलेल्या आकड्यावर माणसांचा विश्वास नसतो. मग मी तरी त्यांच्यावर का ठेवावा?

माझा जन्म सातपूरच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथून मला अंबडच्या एका प्रयोगशाळेत आणलं. समुद्राखालच्या तेलविहिरींतून काढलेले दगड इथे तपासायला येतात. लोकांना वाटतं, तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं असतं. तसं नसतं. ते दगडाच्या बारीक छिद्रांत भरलेलं असतं आणि वरच्या थरांचा भार पेलायला दगडाला मदत करतं. तेल काढून घेतलं की त्याच्या वाट्याचा भारही दगडावरच येतो. छिद्रांतला तो दाब सांगणं हे माझं काम. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग शेजारी झगझगीत स्क्रीन आला आणि माझ्याकडे कुणी ढुंकून पाहीना.

यंदाच्या दसऱ्याला यंत्रात एक दगड होता. त्याच्या मधोमध बारीक पितळी नळी बसवली होती, विहिरीतल्या पोलादी पाइपच्या जागी. वरून जॅक दाबत होता आणि पंप छिद्रांतला तेलाचा दाब टिकवून ठेवत होता. चाचणी प्रयोगशाळेतल्या हर्षालीची. हा दगड ज्या विहिरीतून आला, तिच्याच रिगवर, म्हणजे समुद्रातल्या तेल काढायच्या मचाणावर, तिचा धाकटा भाऊ रवी कामाला, त्यामुळे तिचा सगळा जीव त्या दगडात अडकलेला.

"सर, दगडाला हात लावू नका हं," असं बजावून ती सणाला चांदवडला गेली.

मालक शेखरसरांनी पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूच्या माळा. माझ्या काचेवरही कुंकवाचं बोट. दसऱ्याला यंत्राला विश्रांती द्यायची, म्हणून त्यांनी पंप आणि स्क्रीन बंद केले. दगडाला हात लावायचा नाही, म्हणून जॅक मात्र आवळलेलाच ठेवला. मला तेव्हाच शंका आली. तेल हळूहळू झिरपून गेलं, माझा काटा खाली येत राहिला आणि दगड आतून करकरला.

दुसऱ्या दिवशी हर्षालीने काटा पाहिला. "सर, दाब कुठे गेला?"

"अगं, जुना गेज तो. खोटं दाखवत असेल," शेखरसर म्हणाले.

तिचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही, माझ्यावरही नाही. तिने दगडच बाहेर काढला. तो खचून आखूड झाला होता आणि आतली नळी वाकली होती.

"ही आपली चूक झाली," शेखरसर म्हणाले. "रिपोर्टमध्ये कशाला लिहायची? आधीचे आकडे चांगले आलेत, तेच पाठवू."

"सर, तिथेही हेच चाललंय ना? तेल उपसतायत आणि वरचा भार तसाच. पाइप वाकला तर वर माझा रवी आहे."

शेखरसरांनी ती वाकलेली नळी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "लिही. सगळं लिही."

रिपोर्ट तेल कंपनीला गेला. परवा रवीचा फोन आला. हर्षालीने तो स्पीकरवर टाकला. "ताई, उपसा कमी केलाय. तेलाच्या जागी खाली पाणी भरायचं ठरलंय म्हणे."

हर्षालीला रडू आलं, शेखरसरांनी पेढे मागवले. मी मात्र त्या 'म्हणे'पाशीच अडकलो.

मित्रांनो, जमिनीतून काहीही घ्या, पण ते खाली कशाला आधार देत होतं हे आधी विचारा. उत्तर गोड वाटलं तर पुन्हा विचारा. पाणी खरंच भरतात का, हे मला इथून दिसत नाही. रवी सुट्टीवर सुखरूप या दारातून आत येईल, तेव्हाच मी खरं मानेन.