साहेबांची खुर्ची आणि कोरियन भूत

काचेच्या केबिनबाहेर सारे ऑफिस श्वास रोखून उभे होते. आत गुरुप्रसादसाहेब निहारला झापत होते आणि झापता झापता, समुद्रावरच्या सूर्यासारखे, संथ, अटळ, विषण्ण असे खाली खाली चालले होते. आधी टायची गाठ टेबलाआड बुडाली, मग गळा. "हे ड्रॉइंग आहे की रांगोळी?" हे वाक्य त्यांनी सुरू केले तेव्हा हनुवटी दिसत होती, संपवले तेव्हा चष्मा तेवढा उरला होता.

"बघ! कुणी हातसुद्धा लावला नाही," स्मिता कस्तुरीच्या कानाशी कुजबुजली. "तोच आहे. पिक्चरमधला."

पिक्चर कोरियन होता. आखातातल्या अदलियाच्या त्या छोट्या इंटिरियर कंपनीची मंडळी मागच्या शुक्रवारी बुदैयाला, ऑफिसातल्याच कस्तुरी आणि सलील या जोडप्याच्या घरी जेवायला जमली होती आणि सलीलने हौसेने तो लावला होता. त्यातला कारकून साहेबाच्या जाचाने पिचत जातो, हसणे विसरतो, झोप विसरतो आणि एका सकाळी हातोडा घेऊन ऑफिसात येतो. पुढचे सर्वांनी बोटांच्या फटीतून पाहिले. अखेरच्या दृश्यात साहेबाची रिकामी खुर्ची तेवढी हळूच गोल फिरते. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून रविवारी सगळे कामावर आले, साहेबांनी पहिली फैर झाडली आणि त्यांची खुर्ची खचू लागली. दोन खुर्च्यांची सांगड घालायला कुणालाच फार वेळ लागला नाही.

पुरावाही बिनतोड होता. साहेब कुणाला शाबासकी देत तेव्हा खुर्ची जागची हलत नसे. ओरडू लागले की खचे.

"न्याय करता तो," गाडी चालवणारे रावजीकाका म्हणाले. ते मालवणकडचे, भुताखेतांत त्यांचा शब्द अखेरचा. "पण भूत कोरियातला. माका तेची भाषा येणा नाय. गाऱ्हाणा घालतलंय कसा?"

भाषेवाचून अडू नये म्हणून कुणीतरी खुर्चीपुढे नूडल्सचा नैवेद्य ठेवला. निहारने तो दुपारी चोरून खाल्ला, आणि नैवेद्य स्वीकारला गेल्याची वार्ता ऑफिसभर पसरली.

चौथ्यांदा खचल्यावर साहेबांचाही धीर खचला. त्यांनी तेजस्वीबाबांना पाचारण केले. जनाबियातल्या एका व्हिलात बाबा तणावमुक्तीचे वर्ग घेत. तिथे एसीचा गारवा आणि मोक्ष एकदमच मिळे. रेशमी कुडता, खांद्याला झोळी, कानात ब्लूटूथ अशा थाटात ते आले आणि खुर्चीपुढे कमरेत काटकोनात वाकले.

"कोरियन आत्मा मानपानाला फार जपतो," त्यांनी खुलासा केला. "ओम् किम् पार्क फट्! हा विमानाने आलेला नाही. वाय-फायने आलाय. ज्यानं बोलावलं, त्याच्या टेबलावर लिंबू रक्त ओकेल. त्याला देशाबाहेर काढा. खलास!"

"देशाबाहेर म्हणजे?" कस्तुरीने विचारले.

"व्हिसा कॅन्सल," साहेब जमिनीकडे पाहत पुटपुटले.

लिंबू कुठे लाल होणार हे कस्तुरीला ठाऊक होते. वीकेंडची शिफ्ट करणार नाही, असे सलीलने आठवड्यापूर्वीच सर्वांदेखत बजावले होते, आणि मघाशी पँट्रीत चहा घेताना बाबांनी साहेबांना हळूच विचारलेले तिने ऐकले होते, "तुमच्याकडे उलट कोण बोलतं?" सलीलचा व्हिसा गेला की घर गेले, मुलीची शाळा गेली, हे किनाऱ्यावरचे सारे आयुष्य गेले.

स्मिताच्या टेबलावर लिंबू कापले, पांढरे. निहारचेही पांढरे. रावजीकाकांनी डोळे मिटून घेतले; त्यांचे लिंबूही पांढरे. मग बाबांनी सुरी कपाळाला लावली, मंत्र पुटपुटत झोळीत घातली, पुन्हा बाहेर काढली आणि सलीलच्या टेबलावर लिंबू चिरले. ड्रॉइंगवर लाल थेंब टपटपले.

"अहो, मी फक्त पिक्चर लावला!" सलील किंचाळला.

लग्नाआधी कस्तुरी पुण्यात कॉलेजला रसायनशास्त्र शिकवत असे. तिने थेंबांकडे पाहिले, मग पात्याकडे. पात्यावर निळसर झाक होती.

"महाराज, सुरी पुसू नका. द्या इकडे."

"बाई, ती सिद्ध केलेली आहे!"

"म्हणून तर हवीय."

बाबा काही बोलायच्या आत तिने सुरी उचलली आणि साहेबांच्या टेबलावर नवे लिंबू कापले. लाल! मग थेट बाबांच्या पायांशी. तेही लाल!

"म्हणजे महाराज," रावजीकाका काळजीने म्हणाले, "तुमचोपण व्हिसा कॅन्सल?"

कस्तुरीने फाटकाजवळची जास्वंदीची फुले आणली, पाकळ्या कागद कापायच्या कटरवर चोळल्या आणि पाते एसीच्या झोतात वाळवले. त्याने कापलेले लिंबूही लालेलाल झाले.

"पाकळ्यांचा वाळून निळसर झालेला रंग आंबट रसात लाल होतो. झोळीत साधी सुरी असेल, बघा. दोघी जुळ्या."

होती. तेवढ्यात बाबांना कानातल्या ब्लूटूथवर तातडीचा फोन आला. तो वाजलेला मात्र कुणी ऐकला नाही. "इंशाल्ला, पुन्हा येऊ," म्हणत ते गाडीकडे धावले.

"पण खुर्ची?" साहेबांनी खुर्चीकडे बोट केले. "ती खचते ते खरंच ना?"

"बसा, सर. आता ओरडायचं नाही. फक्त कौतुक करायचं. आणि थांबायचं नाही."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं."

साहेबांना घाम फुटला. "निहार... तुझं अक्षर बरं आहे. स्मिता, तू वेळेवर येतेस. बहुधा. रावजी, तुम्ही आजवर गाडी ठोकली नाहीत."

"एकदा ठोकलंय, सायबानू."

"तरी छान ठोकलीत!"

टायची गाठ बुडाली. गळा बुडाला. सलीलची पाळी आली तेव्हा टेबलाच्या वर चष्माच उरला होता. "सलील, तू... तू शनिवारी येत नाहीस, म्हणून रविवारी चुका करत नाहीस."

कस्तुरीने त्यांना उठवून खुर्ची उलटी केली. दांड्यावर तेलाचा ओघळ होता. "या नळीत कोंडलेला वायू तुमचं वजन पेलतो. सील झिजलंय, वायू निसटतो. भूत नाही, गळती आहे."

"मग शाबासकी देताना खचायची नाही, ती का?"

"कारण शाबासकी तुम्ही दारातून जाता जाता देता, सर. एरवीही तुम्ही फेऱ्याच मारता. बसता ते फक्त ओरडायला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"सलीलच्या व्हिसाचं काय?" तिने विचारले.

"राहील," साहेब म्हणाले. मग चष्मा पुन्हा चढवत, "वीकेंडची शिफ्ट... ती बंद करू."

त्या चित्रपटात मुळात भूत नव्हतेच. एक थकलेला माणूस होता आणि त्याला 'जेवलास का' असे विचारणारे कुणी नव्हते. आपण मात्र त्याच्या हातातल्या हातोड्याला भ्यालो आणि त्याला तिथवर नेणाऱ्या जाचाला भुताचे नाव देऊन मोकळे झालो. असे नाव दिले की जाच करणाऱ्याचेही फावते आणि अंगारा विकणाऱ्याचेही. म्हणून वाचकहो, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एकदा विचारा, हे कसे झाले? विचारल्याने सत्य रागावत नाही. जो रागावेल, त्याच्यापुढे वाकण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.