सामान शेजारी आहे

अश्विनी मॅडम घर बघायला येणार म्हणून मी आदल्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि घर धुऊन काढलं. ओतूरला एसटी स्टँडच्या मागं माझं गाद्यांचं दुकान आहे. कापूस पिंजायचं मशीनही तिथंच. घर वेगळं, आतल्या आळीत, दोन खोल्या आणि मागं मोरी. दुकानातले कपडे घरात आणायचे नाहीत, कापसाचा तंतूसुद्धा घरात दिसता कामा नये, असं सायराबानूनं ठरवून दिलं होतं. परवेजच्या छातीला धूळ चालत नाही म्हणून.

सायराबानू माझी बायको. गेल्या गणपतीनंतर तिला ताप आला, डेंगी निघाला आणि आठवड्याच्या आत ती गेली.

परवेज पुण्याच्या एका संस्थेत होता. सात वर्षांचा. त्याला गिळता येत नाही. घास श्वासाच्या नळीत जातो आणि छाती भरते. म्हणून डॉक्टरांनी त्याच्या पोटावर एक छोटं बटण बसवलंय. त्याला नळी जोडून पातळ जेवण आत सोडायचं, मग अर्धा तास त्याला तिरकं टेकवून ठेवायचं. कफ साचला की मशीननं ओढून घ्यायचा. त्याचं म्हणावं असं कुणी नाही. अशी मुलं घ्यायला फार कुणी पुढं येत नाही. सरकार आधी सांभाळायला देतं आणि सगळं नीट चाललं तर पुढं दत्तक घेता येतं. आम्हाला मूल नव्हतं. आम्ही नाव नोंदवलं, चौकश्या झाल्या, बराच काळ गेला, आणि एक दिवस मुलगा बघायला या असा फोन आला.

खरं तर त्यानंच आम्हाला बघून घेतलं. सायरा समोर बसली तसं त्यानं विचारलं, "आज काय खाल्लं?"

तो सगळ्यांना हेच विचारतो. डॉक्टरांना, झाडू मारणाऱ्या बाईला, सगळ्यांना. सायरानं सांगितलं, बाजरीची भाकरी आणि मेथी. भाकरी कडक होती का मऊ, त्यानं विचारलं. मेथीत लसूण किती होता. सायरा एकेक सांगत गेली आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. परत येताना एसटीत नारायणगाव आलं तेव्हा ती म्हणाली, याला रोज सांगायचं म्हणजे रोज काहीतरी धड करावं लागेल.

त्यानंतर आम्ही दर पंधरवड्याला जायचो. नळी कशी जोडायची, कफ कसा काढायचा, सगळं दोघांनी शिकून घेतलं. कागद पुढं सरकत होते. आणि सायरा गेली.

ऑफिसातून कळलं की अर्ज नवराबायकोच्या नावानं होता, तो आता चालणार नाही. एकट्या पुरुषाला मुलगा सांभाळायला देता येतो, पण अर्ज नव्यानं करायचा, चौकशी नव्यानं, घर पुन्हा बघणार. आणि या वेळी एक प्रश्न जास्तीचा होता. मी आजारी पडलो, दुकानात अडकलो, तर पोराला नळी कोण लावणार? जुन्नरचा माझा थोरला भाऊ म्हणाला, तुला स्वतःचा चहा करता येत नाही, तू कुणाला जेवण घालणार? मी नव्यानं अर्ज केला.

पुण्याला जाणं मी सोडलं नाही. परवेज विचारायचा, काय खाल्लं. मी तेव्हा चहा आणि पावावर दिवस काढत होतो. पण त्याला सायराच्या हातचं सांगायचो, मागं कधीतरी खाल्लेलं. एकदा त्यानं विचारलं, "मग आता तुम्हाला वाढतं कोण?" त्यानं माझ्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा ते विचारलं नाही.

तर अश्विनी मॅडम आल्या. तिशीच्या असतील, पुण्याच्या, बोलायला मोकळ्या. मोरी बघितली, पाणी बघितलं, बिबट्या येतो का विचारलं. मी म्हटलं, मळ्यात येतो, आळीत नाही. त्या हसल्या. मग आतल्या खोलीत आल्या आणि थांबल्या. खोलीत काहीच नव्हतं. खिडकीजवळचा कोपरा मी सारवल्यासारखा स्वच्छ पुसून मोकळा ठेवला होता. सायराचे कपडे चाळीसाव्या दिवसानंतर देऊन टाकले होते, त्यामुळं दांडीही रिकामीच.

"वजीरभाई, पोराची खाट कुठंय?"

मी म्हटलं, येईल.

कफाचं मशीन? येईल. लाइट गेली तर इन्व्हर्टर? त्याचंही होईल. मिक्सर, नळ्या, कपडे? मी मान डोलावली. त्या खाली बसल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मग पेन बंद केलं.

"एक विचारते, राग मानू नका. ताई गेल्यावर तुमचं मन उडालंय का यातून? तसं असेल तर त्यात लाज काही नाही. पण मग त्या मुलाला आशेला लावून ठेवू नका. तो दर आठवड्याला विचारतो, ओतूरचे मला न्यायला कधी येणार."

मी रिकाम्या कोपऱ्याकडं बघितलं. तो रिकामा का होता ते सांगायला हवं.

फार वर्षांपूर्वी सायराला दिवस गेले होते. मी गादीवाला. सातव्या महिन्यातच हौसेनं छोटी गादी शिवली, पाळणा आणला आणि याच कोपऱ्यात टांगला. मूल मेलेलं जन्मलं. दवाखान्यातून आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो तर समोर पाळणा. शेजारच्या साळुबाईनं तो काढला, डोक्यावर घेतला आणि आपल्या घरी नेला. आमच्या आळीत हिंदू असो की मुसलमान, जुनी माणसं हेच पाळतात. मूल उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय त्याची एक वस्तू घरात आणायची नाही, आणि काय काय जमवलंय ते बोलायचंही नाही. आम्ही ते मोडलं होतं. त्यानं काही होतं असं मी म्हणत नाही. पण सायरानं ठरवलं होतं की पुन्हा कधी वेळ आली तर असं करायचं नाही. म्हणून परवेजचं सगळं सामान साळुबाईच्या मधल्या खोलीत ठेवलं होतं.

माझी चूक एवढीच की पुण्याहून आलेल्या बाईंना रिकामं घर कसं दिसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं होतं त्या खूश होतील. आमच्या आळीतल्या कुणीही तो पुसलेला, मोकळा कोपरा बघून ओळखलं असतं की या घरी मूल येणार आहे.

मॅडम उठल्या. दारात जाऊन एक चप्पल पायात घातली. सायरा असती तर तिनं काय केलं असतं, याचा विचार करायला वेळच नव्हता. आता गप्प राहिलो तर परवेज येणार नाही, एवढंच कळत होतं.

"मॅडम," मी म्हटलं, "सामान शेजारी आहे."

त्यांना नीट समजलं नाही. मी पुढं झालो, त्या मागून आल्या. साळुबाई ओट्यावर लसूण सोलत होती. गेणभाऊ, तिचा नवरा, खाटेवर बसला होता. मी सांगितलं, मॅडमला मधली खोली दाखवायची आहे. साळुबाईनं माझ्याकडं असं बघितलं जणू मी शिवी दिली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "पोरगं आत आल्याबिगर मी कुलूप काढायची न्हाई. सायराला शबूद दिलाय."

"आगं, बाई सरकारी हाय," गेणभाऊ म्हणाला.

"आसंल. सायराबी काय कमी व्हती का?"

मी मॅडमना कोपऱ्याचं, पाळण्याचं, सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्याच. सांगताना साळुबाई माझ्याकडं न बघता सोललेला लसूण पुन्हा पुन्हा सुपात चाळवत होती. मॅडम ऐकून घेत होत्या. मग त्यांनी चप्पल काढली आणि साळुबाईच्या शेजारी ओट्यावर बसल्या.

"आजी, मी काही त्या घरातली नाही. मी एकटीनं बघितलं तर चालेल का?"

साळुबाईनं विचार केला. चालेल म्हणाली. मग माझ्याकडं बोट केलं. "पण ह्यो न्हाई यायचा. बापानं न्हाई बघायचं. तू बस हितंच."

बाप हा शब्द मला कुणी कधी लावला नव्हता. मी बसलो.

दोघी आत गेल्या. कुलूप निघाल्याचा आवाज आला. गेणभाऊनं मला तंबाखू पुढं केली, मी घेत नाही हे त्याला माहीत असून. मग आतून कफाचं मशीन सुरू झालं. घरघर आवाज ओट्यापर्यंत आला. ते मी आणि सायरानं घेतलं होतं, पण चालू झालेलं घरात कधी ऐकलं नव्हतं. बंद झालं. मग मॅडमचा आवाज आला, जरा चढलेला.

"आजी, नळीला आधी चाप लावा. नाहीतर सगळं अंगावर येईल."

"लावते की. इसरले."

"विसरून कसं चालेल? पुन्हा करा."

मी गेणभाऊकडं बघितलं. तो म्हणाला, "सायरानं शिकवलंय तिला. तुला न्हाई म्हाईत? दुपारी तू दुकानात, आन ह्या दोघी आत दार लावून. दुकानातल्या तुकड्याची उशी शिवली, तिला नळी बशिवली. लई दिस चाललंय. सायरा गेल्यावर बी ही एकलीच करते, त्या उशीला पाणी पाजते. मी म्हनलं, आगं मला तरी च्या दे."

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी दुकानात मशीनच्या आवाजात दिवस काढत होतो, आणि मी आजारी पडलो तर काय, या प्रश्नाचं उत्तर माझ्या भिंतीपलीकडं रोज दुपारी सराव करत होतं.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या ओढणीवर पाणी सांडलं होतं. त्यांनी सांगितलं की खाट, तिरकी गादी, मशीन, इन्व्हर्टर सगळं ठीक आहे. आजींना पुण्याला येऊन डॉक्टरांकडून नीट शिकावं लागेल, उशीवर भागणार नाही. तसं झालं तर दुसरं माणूस म्हणून त्यांचं नाव लागेल, आणि मग मॅडमकडून अडचण नाही.

"येते की," साळुबाई म्हणाली. "पण एसटीत मला खिडकी पायजे. मळमळतं."

मी मॅडमना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत त्या म्हणाल्या, वजीरभाई, पुढच्या वेळी कुणी घर बघायला आलं तर आधी शेजारी न्या. मी हो म्हटलं. गाडी गेली तरी मी तिथंच उभा होतो. मग भूक लागली. कितीतरी महिन्यांत अशी भूक लागली नव्हती. समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली आणि लक्ष देऊन खाल्ली, कारण रविवारी ती सांगायची होती.

त्यानंतरही वाट बघावी लागली. साळुबाईचं शिकणं झालं. त्यात ती पहिल्या दिवशी डॉक्टरांशी भांडली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घरचा लसूण देऊन आली. कमिटीपुढं मला बोलावलं. मग सही व्हायची राहिली, मग सही झाली. होळीनंतर फोन आला, या आणि घेऊन जा.

परवेजला मी गाडी करून आणलं. अश्विनी मॅडम सोबत होत्या. दारात साळुबाई उभी होती, तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. परवेजचा हात धरून मी उंबरा ओलांडला. आत काहीच नव्हतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "मी कुठं झोपणार?"

"थांब जरा," मी म्हटलं.

साळुबाईनं बाहेर जाऊन हाक मारली तशी आळी हलली. गेणभाऊ आणि पलीकडचा जानकू खाट घेऊन आले. मागून फोमची तिरकी गादी, तिच्यावर सायरानं शिवलेला अभ्रा. मी ती दुकानात बनवून साळुबाईकडं नेऊन दिल्यानंतर आत्ताच बघत होतो. मशीन आलं, मिक्सर आला, इन्व्हर्टर दोघांनी उचलून आणला. साळुबाईच्या नातवाचे धुतलेले कपडे आले. परवेज माझा हात न सोडता एकेक वस्तू आत येताना बघत होता. खाट कोपऱ्यात बसली. कोपरा भरला.

त्याला भरवायची वेळ झाली होती. नळी मी जोडली, चाप साळुबाईनं लावला आणि मॅडमकडं बघितलं. मॅडमनी मान हलवली. भरवून झाल्यावर त्याला तिरक्या गादीवर टेकवलं. खोकला नाही, ठसका नाही. तो आरामात टेकला आणि साळुबाईला म्हणाला, "तुम्ही काय खाल्लं?"

"आजून कुठं? मासवडी केलीय तुज्यासाठी. म्हंजे तुज्या बापासाठी."

"मासवडी म्हणजे काय?"

त्याला नुसतं सांगून भागेना. शेवटी साळुबाईनं ताट आणलं आणि मला त्याच्यासमोर बसवलं. मी कचरलो. पण तो म्हणाला, खा, मला बघायचंय. मी वडी रश्श्यात बुडवली. बेसनाची वडी, आत तीळ, खोबरं, कांदा.

"तिखट आहे?"

"आहे."

"किती?"

मी सांगत गेलो आणि जेवत गेलो. भाकरी कडक की मऊ, रश्श्यावर तर्री किती, सगळं. दुसरी भाकरी घेतली तेव्हा त्याचे डोळे मिटायला लागले होते. अर्धा तास व्हायचा होता म्हणून मी त्याचा खांदा धरून बसलो.

मॅडम गेल्या. साळुबाई भांडी आवरत म्हणाली, "मधली खोली रिकामी झाली बाई एकदाची. आता माजा लसूण ठिवते."