नमुन्याची खुर्ची

मित्रांनो, खुर्च्यांच्या दुकानात आयुष्य काढूनही जी एकदाही विकली गेली नाही, अशी मी एक जुनी खुर्ची आहे. मला कुणी नापसंत केले म्हणून नव्हे. माझ्याकडे बघून घडवलेल्या कितीतरी खुर्च्या लोकांच्या घरी गेल्या. मी मात्र नमुना. नमुन्याने सगळ्यांना दिसायचे असते, कुणा एकाचे व्हायचे नसते.

मला घडवले दोघा भावंडांनी. धाकटा सुतार होता. त्याच्या हाताला अशी सफाई, की त्याने जोडलेला सांधा बोटाला लागत नसे. थोरल्या बहिणीला सगळे ताईच म्हणत. ती पूर्वी रुग्णालयात नर्स होती. म्हातारी माणसे बरी होऊन घरी जात आणि घरातल्या खोल सोफ्यात रुतून बसत, हे तिने फार जवळून पाहिले होते. उठायचे तर कुणाला तरी हाक मारायची. कुणी आले तर ठीक, नाहीतर बसून राहायचे. काहींनी तर सारखे उठायला नको म्हणून पाणी पिणेच कमी केले होते.

ही गोष्ट ताईच्या मनातून जाईना. एके दिवशी ती धाकट्याला म्हणाली, "मला अशी खुर्ची करून दे, जिच्यावरून माणूस कुणाला हाक न मारता उठेल."

"एवढंच ना?"

"एवढंच. करून तर बघ!"

करून बघता बघता धाकटा मेटाकुटीला आला. बैठक उंच केली, तर बसणाऱ्याचे पाय लोंबकळू लागले. हात पुढे वाढवले, तर भार पडताच मी कलंडू लागले. मग त्याने बैठक थोडी उतरवली, माझे पुढचे पाय जरासे तिरके रोवले आणि हातांच्या टोकांना मुठीत मावेल असा गोलवा दिला. दर वेळी ताई बसायची, डोळे मिटायची आणि गुडघे दुखत असल्यासारखी उठायची. मग मान हलवायची. शेवटच्या खेपेला ती उठली, पण मान हलवली नाही. नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

दुकानात मला दर्शनी भागात ठेवले. मी काही देखणी नाही. लोक आत येत, माझ्याकडे एक नजर टाकत आणि म्हणत, "ही आजारी माणसाची खुर्ची दिसते." धाकट्याला हे सहन होत नसे. तो गिऱ्हाइकाच्या मागे मागे दारापर्यंत जाई. "आजी, पडलात म्हणजे? या वयात हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतं!" आजी बिचारी पायऱ्या उतरून चालू लागे. एका गृहस्थांनी मात्र घाबरून माझ्यासारखी खुर्ची घेतली. पुढे ताई त्यांच्याकडे गेली, तेव्हा ती खुर्ची गच्चीत होती आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळत होते.

"भीती घालून विकलेल्या खुर्चीवर कुणी बसत नाही," ताई धाकट्याला म्हणाली. तिची रीत वेगळी होती. आपल्याला काय वाटते ते ती एकदाच, शांतपणे सांगायची आणि गप्प बसायची. ज्याला बसायचे आहे त्याने हो म्हटल्याशिवाय ती खुर्ची देत नसे.

एकदा एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. सासरे तरणतलावावर पोहायला शिकवत असत. गावातली निम्मी माणसे त्यांच्या हाताखाली शिकलेली, म्हणून सगळ्यांचे ते सर. अजूनही ताठ चालायचे, पण दुकानातल्या बाकावरून उठताना त्यांनी दोनदा झोका घेतला, तो ताईने टिपला.

सरांनी माझ्या सांध्यांवरून बोट फिरवले. "काम सुरेख आहे. पण ही म्हाताऱ्यांची खुर्ची झाली."

"अहो बाबा, बसून तर बघा," सून म्हणाली.

"नको."

ताई म्हणाली, "सर, मला एवढंच वाटतं, की स्वतःच्या घरात उठण्यासाठी कुणाला दुसऱ्याची वाट बघावी लागू नये. तुम्हाला कधी वाटलं तर या."

सरांनी मान डोलावली आणि ते बाहेर पडले. सून घुटमळली. "ताई, मी घेऊनच जाते ना. घरात आली की बसतील."

"त्यांच्या मनाविरुद्ध नेलीत तर ती त्यांना रोज टोचेल. थोडं थांबू या."

ती गेल्यावर धाकटा भडकला. "गिऱ्हाईक आपल्या पायानं चालत आलं आणि तू त्याला वाटेला लावलंस!"

"ते नाही म्हणाले ना."

"नाही म्हणाले म्हणून काय झालं? सोफा काय त्यांना उचलून उभं करणार आहे?"

पावसाळा सरला आणि ती सून पुन्हा आली, एकटीच. सर पडले होते. दाराची घंटा वाजली, घरात दुसरे कुणी नव्हते, सोफ्यावरून घाईने उठताना तोल गेला. खुब्याचे हाड मोडले. ती ओरडली नाही, रडली नाही. माझ्याजवळ उभी राहून म्हणाली, "मी तेव्हाच न्यायला तयार होते. तुम्ही थांबू म्हणालात."

त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झाले. धाकट्याने 'मी सांगत होतो' असे एका शब्दाने म्हटले नाही. आधीच गुळगुळीत झालेल्या एका फळीवर तो नुसता रंधा मारत बसला.

मित्रांनो, त्यानंतरची ताई मला ओळखू येईना. कधी ती गिऱ्हाइकाशी बोलायचीच नाही. एकदा एका बाईंना तिने "पडलात म्हणजे..." असे म्हणायला सुरुवात केली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून मध्येच थांबली. बाई गोंधळून निघून गेल्या. ताई बराच वेळ माझी पाठ धरून उभी होती.

सर रुग्णालयातून घरी आल्याचे कळले, तेव्हा तिने धाकट्याला हातगाडी आणायला सांगितली. दोघांनी मला सरांच्या दारात नेले. सर पलंगावर उशांना टेकून बसले होते. त्यांचे भरदार खांदे आता उतरले होते.

"सर, मी माफी मागायला आले," ताई म्हणाली.

"कशाची?"

"त्या दिवशी तुम्हाला जोर करायला हवा होता."

"जोर केला असतात तर मी पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढलो नसतो."

"मग माझं चुकलं कुठे?"

सरांनी पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाले, "माझ्याकडे पाण्याला घाबरणारी पोरं यायची. आईबाप म्हणायचे, सर, द्या ढकलून, आपोआप शिकेल. मी एकालाही ढकललं नाही. पण घरीही नाही पाठवलं कुणाला. काठावर बसवायचो, पाय पाण्यात सोडून. बाकीची पोहायची, ते पोर बघत बसायचं. कुणी दोन दिवसांत उतरायचं, कुणी महिनाभर नुसते पाय हलवायचं. तुम्ही मला ढकललं नाहीत, ते बरोबरच केलंत. पण घरी पाठवून दिलंत, ताई."

सुनेने पदराने डोळे टिपले.

"मग ही इथे ठेवून जाऊ?" ताईने हळूच विचारले. "विकत नाही. नुसती ठेवते."

"ठेवा. त्या खिडकीजवळ. मला दिसेल अशी."

मी तिथे राहिले. सर माझ्याकडे बघत, मी त्यांच्याकडे. सून केर काढताना मला सरकवायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. 'बसा ना' हे शब्द तिच्या ओठांवर येत, पण ती गिळून टाकी. हळूहळू सर वॉकर धरून उभे राहू लागले. एका दुपारी खोलीत कुणी नसताना ते वॉकर सरकवत माझ्यापाशी आले आणि बसले. थोडा दम खाल्ला. मग माझ्या हातांची टोके मुठीत धरली आणि भार दिला. ज्या हातांनी शेकडो मुलांना पाण्यावर तोलून धरले होते, त्याच हातांनी आता ते स्वतःला तोलू लागले. मी चारी पाय घट्ट रोवले. सर उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. दारात सून पाण्याचा पेला घेऊन आली होती. तिने पाहिले आणि त्यांना चाहूलही न लागू देता ती मागच्या मागे वळली.

सरांचे वॉकर काही सुटले नाही. पण पुढचे वर्षभर ते खिडकीशी बसले ते माझ्यावर, आणि उठले ते आपल्या मर्जीने. मग ते गेले. भेटायला खूप माणसे आली, जमिनीवर दाटीवाटीने बसली, माझ्यावर मात्र कुणी बसले नाही. काही दिवसांनी सुनेने मला स्वतः दुकानात आणले. ताईला म्हणाली, "हिला इथे उभी करू नका. कुणाच्या तरी घरी ठेवा."

तेव्हापासून मी घरोघरी राहते. धाकटा मला खांद्यावर घेऊन जातो. "राहू द्या काही दिवस. नको वाटली तर सांगा, घेऊन जातो," एवढे म्हणतो आणि तोंड मिटतो. पुढचे शब्द आवरताना त्याच्या गालाचा स्नायू हलतो, तो मला दिसतो. काही घरांत माणसे पहिल्याच दिवशी बसली आणि त्यांनी आपल्यासाठी खुर्ची करून घेतली. काही घरांतून मी तशीच परत आले. एका ठिकाणी तर माझ्यावर कुंडी ठेवली होती, तिचा डाग अजून आहे. ताईने त्यांचेही आभार मानले. कधी अशाच घरातून वर्षभराने बोलावणे येते, कधी येत नाही.

आता माझे पॉलिश उडाले आहे. हातांची टोके अनेक तळव्यांनी घासून पांढुरकी झाली आहेत. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, तुम्हालाही कधी कुणाला एखादी चांगली गोष्ट पटवावीशी वाटेल. तेव्हा तुम्हाला जे दिसते ते त्यांना एकदा नीट सांगा. घाबरवू नका, मागे लागू नका. पण त्यांनी नाही म्हटले म्हणून पाठही फिरवू नका. जवळपास राहा. वाट पाहणे हीसुद्धा काळजीच आहे, आणि ती फार अवघड आहे, हे मी माझ्या चार पायांवर उभी राहून शिकले.

सध्या मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी आहे. आल्यापासून त्या माझ्याशी फटकूनच होत्या. काल मात्र त्यांनी गळ्यातली टेप काढून माझी बैठक मापली, लांबी, रुंदी, अगदी कोपऱ्यांचा गोलवासुद्धा. आज सकाळपासून मशीन चालू आहे. निळ्या कापडाची एक उशी शिवून होत आली आहे. त्या अजून बसलेल्या नाहीत.