तीन घरांचा फळा

मित्रांनो, बजाजनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या आतल्या भिंतीवर टांगलेला मी एक जुना पांढरा फळा आहे. माझा एक कोपरा चेपलेला आहे आणि माझ्यावर ओरखडेही पुष्कळ आहेत. तरी माझ्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली, की ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

पोलादी पत्र्यावर गुळगुळीत पांढरा थर चढवून, चारी बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून मला तयार केले. पहिली चार वर्षे मी एका शिकवणीच्या वर्गात काढली. तिथे माझ्यावर रोज गणिते सुटत आणि रोज पुसली जात. वर्ग बंद पडला तेव्हा या वर्कशॉपच्या मालकांनी, म्हणजे राजेंद्र साहेबांनी मला इथे आणले. इथे मला काम असे नव्हतेच. उद्या कोणाची रजा, कोणाचा वाढदिवस, नळाला पाणी कधी, एवढेच माझ्यावर लिहिले जाई.

खरा मान होता तो एका निळ्या फाईलला. ती समोरच्या लोखंडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली बद्रीनाथकाकांच्या खिशात. काका इथले सगळ्यात जुने सुपरवायझर. कारखान्यांत जड सामान उचलायला लागणारे हुक आणि साखळ्या आमच्याकडे बनत. ते कसे बनवायचे, त्याच्या एकेचाळीस पायऱ्या त्या फाईलमध्ये होत्या. आधी चित्र नक्की करायचे, त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची, मग लोखंड तपासायचे, मग नमुना, मग वजनाची चाचणी. एका पायरीवर सही झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही. ही काकांची पद्धत. बावीस वर्षांत इथला एकही हुक तुटला नव्हता.

मग खुलताबादहून एक वेगळेच काम आले. तिथे चालता न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथल्या मालनबाई मुलांना अंघोळ घालणे, पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवणे, ही कामे बारा वर्षे करत होत्या. त्यांना माणूस उचलणारे यंत्र हवे होते.

"शाळेतली आमची संस्कृती आता चौदाची झाली," त्या म्हणाल्या. "लहान होती तव्हा एका हातानं उचलायची मी. आता माझी कंबर धरती. दुसरी बाई येईस्तोवर लेकरू तसंच पडून राहतं. बोलून दाखवत नाय, पण लई लाजतं."

काकांनी फाईल उघडली आणि पहिल्या पायरीप्रमाणे चित्र काढून सहीसाठी पुढे केले. मालनबाई कागद उलटासुलटा करून बघत राहिल्या. "बघितल्याबिगर कसं सांगू, दादा? मला काय माहीत ते कसं असतं?"

चित्र बदलले, पुन्हा बदलले. तीन महिने गेले. लोखंडाचा एकही तुकडा कापला गेला नाही.

तेव्हा निशा इथे नोकरीला लागून महिनाच झाला होता. ती अजिंठ्याची. शहरात राहून इंजिनिअर झालेली, बोलायला चटपटीत आणि कामाला त्याहून. साहेबांनी हे काम तिच्याकडे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओल्या फडक्याने मला स्वच्छ पुसले आणि दोन उभ्या रेघा मारून माझी तीन घरे केली. वर लिहिले: करायचं, चालू, झालं. मग प्रत्येक छोट्या कामाचा एकेक पिवळा कागद पहिल्या घरात चिकटवला. रोज सकाळी दहा मिनिटे सगळ्यांनी माझ्यासमोर उभे राहायचे आणि दर दुसऱ्या शुक्रवारी जे तयार असेल ते मालनबाईंना दाखवायचे, असे तिने ठरवले.

काका लांबून बघत होते. "ही तुझी नवी पद्धत का?"

"पद्धत नाही काका, चौकट. फ्रेमवर्क म्हणतात. कोणतं काम कुठं आलंय ते सगळ्यांना दिसावं आणि चुकलं तर लवकर कळावं, एवढंच ती बघते. पिन कशी बसवायची, ते ही सांगत नाही."

"मग ते कोण सांगंल?"

"ज्याला येतं तो."

काकांनी फाईल कपाटात ठेवली. कुलूप लावले आणि ते चहाला गेले.

मित्रांनो, पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मालनबाई दर दुसऱ्या शुक्रवारी येत. दारातूनच निशाला "जय भीम" म्हणत, निशाही हसून "जय भीम, मावशी" म्हणे आणि मग त्या पदर खोचून यंत्राभोवती फिरत. "ही दांडी लेकराच्या मांडीला टोचंल." "हे चाक न्हाणीचा उंबरा ओलांडत नाय." पंधरा दिवसांत दांडी वाकवली जाई, चाक बदलले जाई. वेल्डर प्रणय तर मालनबाईंची वाट बघू लागला. एक खांब, त्याला आडवा हात, हाताला लोखंडी पिनेने अडकवलेली कापडी झोळी, असे ते यंत्र उभे राहिले. सगळे त्याला पाळणा म्हणू लागले.

माझ्यावरचे पिवळे कागद डावीकडून उजवीकडे सरकत होते. साहेब येईल त्या पाहुण्याला माझ्यासमोर आणून उभे करत. एक दिवस ते म्हणाले, "आता त्या जुन्या फाईलची गरज नाही," आणि काकांना त्यांनी फाईलसकट मागे स्टोअरमध्ये बसवले. निशाने ते ऐकले. ती माझ्यावरचे कागद सरकवत राहिली. मला तर, खोटे कशाला बोलू, आनंदच झाला.

एका शुक्रवारी सकाळी 'चालू'च्या घरात एकच कागद उरला होता. त्यावर लिहिले होते, वजन चाचणी. प्रणय झोळीत बसला, वर गेला आणि त्याने मजेत चार झोके घेतले. "ऐंशी किलोचा गडी उचलला, मॅडम! अजून काय पायजे?" निशा हसली. तिने तो कागद काढला आणि 'झालं'च्या घरात लावला.

मी तो लावून घेतला. वजन किती घेतले, किती वेळ टांगले, नंतर काय तपासले, हे विचारायला माझ्याजवळ काहीच नव्हते. माझी घरे मुळात रिकामी होती. त्यांत जे ठेवाल ते ती ठेवून घेत.

दुपारी मालनबाई आल्या. म्हणाल्या, "लेकराला बसवायच्या आधी मी बसते." पाळणा त्यांना घेऊन कमरेइतका वर गेला. तेवढ्यात टण्णकन आवाज झाला, पिन तुटली आणि मालनबाई झोळीसकट फरशीवर आदळल्या. डावे मनगट त्यांच्या अंगाखाली आले.

निशा धावली. तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले. मालनबाईंचे ओठ पांढरे पडले होते. हात पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "संस्कृती नव्हती ना त्यात. बरं झालं."

साहेबांनी त्यांना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेले. मनगटाचे हाड मोडले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब संतापून आले. "काढा हा फळा! पुन्हा फाईल. एकेचाळीस पायऱ्या, पहिलीपासून!" प्रणयने मान खाली घालून एकेक कागद काढला. मला उतरवून स्टोअरजवळ, ऑईलच्या पिंपांमागे भिंतीकडे तोंड करून ठेवले. माझा कोपरा तेव्हाच चेपला. आठ दिवस मला काही दिसले नाही, फक्त ऐकू येत होते.

तिसऱ्या दिवशी निशाची चाहूल मी ओळखली. ती स्टोअरच्या दारात उभी असावी.

"काका, वजनाची चाचणी फाईलमध्ये कशी दिलीय?"

पाने उलटल्याचा आवाज आला. काका सावकाश सांगू लागले. "जेवढं उचलायचं, त्याच्या दीडपट वजनाच्या वाळूच्या गोण्या घ्यायच्या. तासभर टांगून ठेवायच्या. मग पिन काढून भिंगाखाली बघायची. वाकली असंल, चरा पडला असंल, तर फेकून द्यायची. आन् बघणारा माणूस बनवणारा नसावा." मग त्यांचा आवाज खाली आला. "प्रणय झुलला तव्हाच ती वाकली असंल. काढून बघितली असती तर दिसलं असतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं नाय." फाईल मिटल्याचा आवाज आला. "नाय, ते बी खोटंच. मी रुसलो व्हतो, पोरी. त्याला झुलताना मी ह्या जाळीतून बघत व्हतो. तोंड उघडलं नाय."

"कागद मी सरकवला, काका."

"व्हय. आन् मी सरकू दिला."

तिच्या रडण्याचा आवाज आला. काकांनी तिच्यासाठी स्टूल ओढले असावे. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पर साहेब म्हनतात तसं समदं फाईलवर टाकलं, तर पुन्यांदा चित्रातच अडकू. मालनबाई पंधरा दिवसाला आल्या नसत्या, तर ती दांडी टोचती हे आपल्याला कळलं असतं का? माझ्या फाईलमधी त्यांना बोलायला जागाच नाय."

"माझ्या फळ्यावर होती," निशा म्हणाली. "पण 'झालं' म्हणजे नक्की काय झालं, ते मी कुठंच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, चौकट आहे म्हणजे पद्धत आलीच."

दोघे मिळून साहेबांकडे गेले. निशाने आधी स्वतःची चूक सांगितली, मग काकांनी आपली. साहेबांनी ऐकून घेतले आणि मला पुन्हा भिंतीवर चढवायला सांगितले. या वेळी निशाने वजन पेलणाऱ्या प्रत्येक भागाच्या कागदावर लाल खूण केली. लाल खुणेचे काम निळ्या फाईलच्या पायरीपायरीने होणार होते आणि काकांच्या सहीशिवाय 'झालं'मध्ये येणार नव्हते. झोळीचे कापड, दांडीचा बाक, चाकाची उंची, हे मात्र मालनबाईंनी वापरून सांगायचे. काकांनीही फाईलला बेचाळिसावी पायरी जोडली: वापरणाऱ्या माणसाला दर पंधरा दिवसांनी वस्तू दाखवावी.

मालनबाई आल्या तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. निशा त्यांच्या नजरेला नजर देईना. त्या म्हणाल्या, "आधी गोण्या टांगा. मी इथंच बसते." आणि खरेच तासभर त्या स्टुलावर बसून गोण्यांकडे बघत राहिल्या. चहा गार झाला. तास भरल्यावर काकांनी नवी, जाड पिन काढली आणि भिंग त्यांच्यापुढे धरले. "तुमीच बघा."

त्यांनी डोळा बारीक करून पिन फिरवून फिरवून पाहिली. "सरळ हाय. चरा बी नाय."

काकांनी कागदावर सही केली. निशाने तो सरकवला नाही, मालनबाईंच्या उजव्या हातात दिला. त्यांनी तो 'झालं'च्या घरात लावला आणि पडू नये म्हणून अंगठ्याने जोरात दाबला.

पाळणा खुलताबादला गेला. तिथून आल्यावर निशा माझ्यासमोर उभी राहून प्रणयला सांगत होती. संस्कृती पाळण्यात बसून पलंगावरून खुर्चीत आली, दुसऱ्या बाईची वाट न बघता. मग संस्कृती म्हणाली, "पुन्हा एकदा." काही कारण नव्हते, तिला नुसते वर जायचे होते. मालनबाईंनी तिला तीनदा उचलले.

आता वर्कशॉपमध्ये संगणकाचा मोठा पडदा आला आहे. माझी तीन घरे त्यावर गेली आहेत आणि माझ्यावर पुन्हा रजा आणि वाढदिवस लिहितात. याचे मला दुःख नाही. मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. फळ्यावर असो की पडद्यावर, एखादे काम 'झालं'च्या घरात ठेवण्याआधी ते कसे झाले, कोणी तपासले, हे विचारा. ज्याचे अंग त्या कामाच्या भरवशावर टांगले जाणार आहे, त्यालाही विचारा. आणि ज्याला हे सगळे ठाऊक आहे असा कोणी जवळच रुसून गप्प बसला असेल, तर त्याच्याकडे आधी जा.